आईची नोंद आहे, बाईच्या हृदयाची नाही

२२ ऑक्टोबर २०१६ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात कार्यक्रम सुरू असताना अभिनेत्री अश्विनी एकबोटे रंगमंचावरच कोसळल्या. वय अवघे ४४. पुढच्याच वर्षी, १८ मे २०१७ रोजी, रीमा लागू गेल्या. आदल्या दिवसापर्यंत त्या चित्रीकरणात होत्या. रात्री छातीत दुखू लागल्याने त्यांना रुग्णालयात नेण्यात आले आणि काही तासांत सारे संपले. वय ५८. दोन्ही वेळी महाराष्ट्र हळहळला आणि दोन्ही वेळी घराघरांत एकच आश्चर्य व्यक्त झाले : बाईमाणसाला हृदयविकार, तोही इतक्या लवकर?

या आश्चर्यातच या प्रश्नाचे मूळ आहे. हृदयविकार हा पुरुषांचा, त्यातही धावपळ करणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या, सुखवस्तू पुरुषांचा आजार, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ या वर्षी जगभरात झालेल्या स्त्रियांच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झाले. बाळंतपण नव्हे, स्तनाचा कर्करोग नव्हे, तर हृदय हे स्त्रीच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. स्त्रियांमधील हा आजार अभ्यासला जात नाही, ओळखला जात नाही, त्याचे निदान होत नाही आणि उपचारही पुरेसे होत नाहीत, असा या आयोगाचा निष्कर्ष होता.

एकबोटे आणि लागू या नामवंत होत्या, मोठ्या शहरांत राहत होत्या. म्हणून त्यांच्या मृत्यूचे कारण सर्वांना कळले. खेड्यातील स्त्रीच्या वाट्याला तेही येत नाही. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम एक-पंचमांश मृत्यूंचे कारण डॉक्टरांकडून प्रमाणित होते. बाकीच्यांच्या बाबतीत 'रात्री झोपेत गेली', 'एकाएकी गेली' एवढेच मागे उरते. म्हणूनच या प्रश्नाकडे शहरातून नव्हे, तर जाफराबादसारख्या ठिकाणाहून पाहावयास हवे.

पूर्णा-केळना नद्यांच्या काठचे जाफराबाद हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. विदर्भाच्या, म्हणजे बुलडाणा जिल्ह्याच्या, सीमेला टेकलेले. जालना शहर पन्नासेक किलोमीटरवर. अँजिओप्लास्टीची सोय असलेली मोठी रुग्णालये प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. या तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातील पंचेचाळीस-पन्नाशीची शेतकरी किंवा शेतमजूर स्त्री डोळ्यांसमोर आणावी. कापूस वेचताना तिला दम लागतो, जीव घाबरा होतो, पाठीत आणि जबड्यात कळ येते, दरदरून घाम फुटतो. ती काय म्हणते? 'पित्त झालं असंल.' घरचे काय म्हणतात? 'उन्हानं झालं.' आणि गावातला डॉक्टर? बहुधा सलाइन लावतो, अ‍ॅसिडिटीचे इंजेक्शन देतो. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. तथापि त्या दोन-तीन तासांत हृदयाचा एक भाग कायमचा मेलेला असतो.

पुरुषाचे माप

ही चूक केवळ खेड्यातल्या डॉक्टरची आहे असे समजणे अन्यायाचे होईल. गेली कित्येक दशके हृदयविकाराचे शास्त्रच पुरुषाच्या मापाने उभे राहिले. १९६४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ओरेगन राज्यात स्त्रियांसाठी हृदयविकारावर पहिली परिषद भरविली. तिचे नाव होते 'हार्ट्स अँड हजबंड्स'. पतीच्या हृदयाची काळजी पत्नीने कशी घ्यावी, हा तिचा विषय! अ‍ॅस्पिरिनमुळे हृदयविकाराचा झटका टळतो का, हे तपासणाऱ्या १९८० च्या दशकातील प्रसिद्ध अमेरिकी चाचणीत २२ हजारांहून अधिक डॉक्टर सहभागी झाले होते. त्यांत एकही स्त्री नव्हती. पुढे १९९१ मध्ये बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ विदुषीने या पक्षपातावर बोट ठेवले. स्त्रीने आपला आजार पुरुषासारखाच आहे हे सिद्ध केल्याखेरीज तिला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत, हे तिचे निरीक्षण होते.

अर्थात येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'बायकांना छातीत दुखतच नाही' असे अलीकडे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. अमेरिकेत ५५ वर्षांपर्यंतच्या हृदयविकाराच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८७ टक्के स्त्रियांना आणि जवळपास ९० टक्के पुरुषांना छातीत दुखणे, दडपण किंवा आवळल्यासारखे वाटणे हे लक्षण होते. फरक होता तो अन्य लक्षणांत. स्त्रियांना त्याच वेळी मळमळ, धाप, प्रचंड थकवा, जबडा, मान, खांदा वा पाठ दुखणे अशी तीन किंवा अधिक लक्षणे अधिक वेळा होती. छातीतले दुखणे या गर्दीत हरवून गेले. झटक्यापूर्वी अशाच त्रासासाठी डॉक्टरांकडे गेलेल्या स्त्रियांपैकी ५३ टक्के स्त्रियांना 'हा हृदयाचा त्रास नाही' असे वाटल्याचे डॉक्टरांकडून कळले होते. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होते. अमेरिकेत ही स्थिती, तर जाफराबादमध्ये काय असेल?

याशिवाय काही स्त्रियांत मुख्य धमन्या मोकळ्या असतात आणि दोष सूक्ष्म रक्तवाहिन्यांत असतो. अशा स्त्रीची अँजिओग्राफी 'नॉर्मल' येते आणि 'मनाचे खेळ आहेत' म्हणून तिची बोळवण होते. अहवाल नॉर्मल आला तरी त्रास खरा असू शकतो, एवढे भान घरच्यांनीही ठेवले पाहिजे.

कार्डावर लिहिलेला इशारा

महाराष्ट्राची आरोग्यव्यवस्था बाईची काळजीच घेत नाही, असे म्हणता येणार नाही. २००४-०६ या काळात राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. आशा कार्यकर्ती, जननी सुरक्षा योजना, रुग्णालयातील बाळंतपण, रुग्णवाहिका या साऱ्यांचे हे यश आहे आणि ते निःसंशय मोठे आहे. ज्याची मोजदाद होते, त्याची काळजी घेतली जाते, हा त्यातला धडा. पण हाच धडा उलट बाजूनेही वाचता येतो. बाळंतपण आटोपले, मुलाचे लसीकरण झाले, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली की व्यवस्थेची नजर त्या बाईवरून उठते. तेवीस-चोविसाव्या वर्षी ती आरोग्याच्या नोंदवहीतून जणू बाहेर पडते आणि थेट साठीच्या आसपास, पक्षाघात वा हृदयविकार घेऊन पुन्हा दारात येते.

वस्तुतः तिच्या हृदयाचा पहिला इशारा गरोदरपणाच्या त्याच कार्डावर लिहिलेला असतो. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागणे, म्हणजे ज्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात तो विकार, ज्या स्त्रीला झाला तिला पुढील आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच गरोदरपणातील या गुंतागुंतींचा समावेश हृदयविकाराच्या जोखमीत केला. गरोदरपण ही निसर्गाने घेतलेली हृदयाची चाचणीच असते. आपण ती चाचणी घेतो, निकाल कार्डावर लिहितो आणि कार्ड ट्रंकेत ठेवून देतो.

गरोदरपणातच उघड होणारा आणखी एक विकार म्हणजे संधिज्वरातून झालेला झडपांचा आजार. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, मग सारे विसरले जाते. पण हृदयाची झडप हळूहळू आकसत जाते. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि आकसलेल्या झडपेला तो भार पेलवत नाही. त्या मुलीला लागलेली धाप 'पोटुशी बाईला लागणारच' म्हणून सोडून दिली जाते. रात्री आडवे झाल्यावर धाप वाढणे, उशा उंच करून झोपावे लागणे, खोकल्यातून रक्त येणे ही साध्या गरोदरपणाची लक्षणे नव्हेत. बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यात वा नंतरच्या काही महिन्यांत अकस्मात धाप व पायांवर सूज आली, तर हृदयाचा स्नायू दुबळा झाल्याची शंका घेतलीच पाहिजे. आणि 'अंगात रक्त कमी आहे' हे उत्तर तर नेहमीच तयार असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षय खरा असतो. त्याच्याआड हृदयाचा आजार लपू शकतो, हेही तितकेच खरे असते.

तव्यावरची मिसरी, काढलेली पिशवी

जोखमीची कारणे कोणती, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील मोठ्या अभ्यासाने स्पष्ट केले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहार, व्यायामाचा अभाव आणि मद्य या नऊ घटकांत पहिल्या झटक्याची बहुतांश कारणे सामावतात. स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण ९४ टक्के आढळले. दक्षिण आशियातील लोकांना हा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून दिसले. म्हणजे आजार बव्हंशी टाळता येण्याजोगा आहे. प्रश्न एवढाच, की हे घटक मराठवाड्यातील बाईच्या आयुष्यात कोणत्या रूपाने येतात?

तंबाखूचेच पाहा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील १७ टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. यांपैकी सिगारेट-बिडी ओढणाऱ्या थोड्या. बाकीच्या मिसरी लावणाऱ्या वा पानासोबत खाणाऱ्या. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासत बसायची. 'तंबाखू खाता का?' असे दवाखान्यात विचारले तर ती बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी मिसरी म्हणजे दात घासणे. 'मिसरी लावता का?' असे विचारले तर उत्तर निराळे येते. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, नाडी आणि रक्तदाब वाढविते. ते ओठांतून गेले की हिरडीतून, याने त्यात फरक पडत नाही. चुलीच्या धुराचेही तसेच. घरात गॅसची शेगडी आली तरी पाणी तापवायला, भाकरीला चूल पेटतेच, आणि तो धूर फुप्फुसांइतकाच हृदयालाही बाधतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रजोनिवृत्तीपर्यंत स्त्रीच्या रक्तवाहिन्यांना संप्रेरकांचे काहीसे संरक्षण असते. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधीच येते. त्यात गर्भपिशवी काढण्याची भर पडली तर? बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचे समोर आले. बीडला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातूनही ऊसतोडीला जोडपी जातात. त्या वेळी चर्चा झाली ती फसवणुकीची, मुकादमाची, बुडणाऱ्या मजुरीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पिशवीसोबत बीजकोशही काढले तर हृदयविकाराचा धोका वाढतो आणि ते ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते, हा पैलू त्या चर्चेत मागेच राहिला. तिशी-पस्तिशीत शस्त्रक्रिया झालेल्या या स्त्रिया आता पन्नाशीकडे चालल्या आहेत. त्यांचा रक्तदाब, त्यांची साखर कोण तपासत आहे?

रस्ता आणि घड्याळ

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकणे. धमनी पूर्ण बंद झाली असेल तर ती जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. उत्तम उपाय अँजिओप्लास्टी. पण निदानानंतर दोन तासांत ती होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जागच्या जागी द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. हे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते. बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा उरत नाही. याचा सरळ अर्थ असा, की जाफराबादच्या बाईचे भवितव्य छत्रपती संभाजीनगरच्या अँजिओप्लास्टी कक्षात नव्हे, तर तालुक्याच्या ठिकाणी पहिल्या अर्ध्या तासात ठरते. तेथे ईसीजी निघाला का, तो कोणी वाचला का आणि इंजेक्शन शिल्लक होते का, हे तीन प्रश्न निर्णायक आहेत.

या प्रश्नांची उत्तरे अशक्य कोटीतील नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यातून ईसीजी पाठवायचा, दूरच्या तज्ज्ञाने तो काही मिनिटांत वाचून सल्ला द्यायचा, ही 'स्टेमी' पद्धत गोव्यात रुजली आणि महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये ती हाती घेतली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास आणि झडपांच्या शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही झाले. म्हणजे साखळीच्या कड्या आहेत. पण ती साखळी सुरू होते ईसीजीपासून, आणि बाईच्या बाबतीत ईसीजी काढावा असे कोणाच्या मनातच येत नाही. कितीही यंत्रे आणली तरी 'हिला पित्त झाले आहे' या एका वाक्याने ती सारी निकामी होतात.

शिबिरांपलीकडे

२०२२ च्या नवरात्रात राज्यात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान झाले. लक्षावधी स्त्रियांची तपासणी झाली, हे चांगलेच आहे. मात्र रक्तदाब आणि मधुमेह हे शिबिरात सापडतात, शिबिरात बरे होत नाहीत. त्यांना दरमहा गोळी लागते, गोळी संपल्यावर विचारणारे माणूस लागते. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांत सुरुवात झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात नेमके हेच होते : ठराविक औषधे, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि न येणाऱ्याचा पाठपुरावा. कार्डाची हीच शिस्त जाफराबादच्या आरोग्य केंद्रांना बाळंतपणाच्या निमित्ताने अंगवळणी पडलेली आहे. ती पुढे न्यायची आहे, एवढेच.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, तिशीपुढील कोणतीही स्त्री जबड्यापासून बेंबीपर्यंत कोठेही अचानक सुरू झालेले दुखणे, धाप, दरदरून घाम वा अनाकलनीय थकवा घेऊन आली, तर दहा मिनिटांत ईसीजी, असा नियम भिंतीवर लिहावा; शंका असल्यास ईसीजी पुन्हा काढावा. दुसरी, ज्या गरोदर स्त्रीचा रक्तदाब वा साखर वाढली होती तिचे नाव बाळंतपणानंतर वहीतून न खोडता दरवर्षी तपासणीला बोलावावे. तिसरी, गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांचीही तशीच यादी करावी. चौथी, गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तालुक्याच्या रुग्णालयात कधीही संपू नये. यांपैकी एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

शहरातील वाचकाला यात करण्याजोगे काय? जाफराबाद, भोकरदन, मंठा, परतूर येथून पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या हजारो घरांतून रोज रात्री गावी फोन जातो. 'कशी आहेस आई?' 'बरी आहे रे, जरा पित्तानं छाती जळतीय. तू जेवलास का?' या संवादात आई स्वतःचे दुखणे अर्ध्या वाक्यात गुंडाळून मुलाच्या जेवणावर येते आणि आपणही तिच्यासोबत पुढे सरकतो. पुढच्या वेळी त्या अर्ध्या वाक्यापाशी थांबावे. चालताना वाढते का, घाम येतो का, हात-जबडा दुखतो का, मिसरी सुटली का, बीपीची गोळी संपली तर नाही ना, एवढे विचारावे. आणि उत्तर संशयास्पद वाटले तर सकाळची वाट न पाहता शेजाऱ्याला सांगून १०८ ला फोन लावावा. पित्तच निघाले तर एक फेरी वाया जाईल. नसेल, तर आई वाचेल.